साहेबाच्या हातातला कोंबडा

फ्लोरेस बेटावरच्या त्या डोंगरावर वीज नुसती उतू चालली होती. रस्त्यावरचे दिवे भरदुपारी जळायचे, ते विझवायचे कष्टही कुणी घेईना. ती जिच्यावर बनायची ती डोंगराच्या पोटातली वाफ संपणारी नव्हती. समुद्रापलीकडची बेटंही तिच्यावर उजळत होती. आणि युस्तिनाच्या घरात दिवेच दिवे, पण भात शिजवायला पाणी नाही! वीज कंपनीनं वाफेसाठी पहिली विहीर खणली आणि गावाचा खालचा झरा पिवळा, कढत झाला. आता दुसरी विहीर वरच्या झऱ्याला खेटून होणार होती. गावाचं तेवढंच पाणी उरलं होतं.

सगळं केलं तिच्या भावानं. रोफिनुस गावाचा म्होरक्या. पहिल्या विहिरीच्या वेळी कंपनीचा हेन्द्रिकुस पांढरा कोंबडा आणि ताडी घेऊन आला. पाहुण्याचा मान म्हणून रोफिनुसनं तो हसत हसत घेतला. त्या डोंगरात कोंबडा हाती घेतला की देणाऱ्याचं मागणंही मान्य. हेन्द्रिकुसनं फोटो काढले आणि गावानं होकार दिला म्हणून सगळीकडे मिरवलं.

आज दुसऱ्या विहिरीसाठी तो पुन्हा येणार होता.

"आजही कोंबडा घेशील ना रे, दादा?" युस्तिनानं विचारलं.

"दारी आलेल्याला परत कसं पाठवू? रीत आहे, बाई."

"रीत! त्या रीतीनंच आपल्याला बुडवलं. लाज कशी वाटत नाही तुला?"

रोफिनुस पाहुण्यासाठी चटई अंथरू लागला. तिला त्या चटईचाच जास्त संताप आला.

अंगणात गाव जमलं आणि हेन्द्रिकुस आला. मागे पांढरा कोंबडा धरलेला माणूस, शेजारी फोटोवाला. युस्तिना तांबडा कोंबडा घेऊन तरातरा पुढे झाली.

"साहेब, तुम्ही याच डोंगरातले. आधी आमचा मान घ्या."

त्यानं सवयीनं दोन्ही हात पुढे केले आणि फोटोसाठी हसला.

"बघितलंत ना सगळ्यांनी? साहेबांनी कोंबडा घेतला! आता माझं मागणं. वरच्या झऱ्याला हात लावायचा नाही."

"अहो मावशी," तो हसतच होता, "कोंबड्यावर कुठं असले निर्णय होतात?"

अंगणात कुणी हसलं नाही. रोफिनुस सावकाश उठला.

"मग आमचा होकार कशावर घेतलास रे?"

हेन्द्रिकुसनं घाईघाईनं आपल्या माणसाला खूण केली. पांढरा कोंबडा पुढे आला.

रोफिनुसनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.