उपटायच्या वेली

तिल्काचं डोकं फिरलं होतं, आणि फिरणारच की! शेजारच्या स्लावेकची द्राक्षबाग रान होऊन पडलीय, तिथं तुडतुडे माजलेत आणि ते माझ्या वेलींवर पिवळा रोग आणताहेत, अशी बोंब ती कृषी कार्यालयात कित्येक वर्षं मारत होती. गेल्या उन्हाळ्यात तिच्या बांधाकडच्या दोन ओळी वाळून गेल्या, तेव्हा कुठं साहेबांना जाग आली. नोटीस निघाली: टाकून दिलेली बाग वेलींना कोंब फुटायच्या आत मुळासकट काढा, नाहीतर सरकार काढेल आणि दंडासकट खर्च वसूल करेल.

आणि नोटीस आली कुणाला? तिल्कालाच!

"आंधळे आहात का सगळे?" ती कार्यालयात जाऊन कडाडली. तिथल्या कारकून नेवेन्कानं नकाशा पुढं सरकवला.

"मावशी, तो पडीक तुकडा तुमच्या घराच्या नावावर आहे. तुम्ही कसताय ती बाग कागदावर स्लावेकची."

तिल्कानं नकाशा जवळ ओढला. तिला आठवलं. तिचे सासरे आणि स्लावेकचा बाप, दोघांनी बागेतल्या खोपटात एका सुरईतली वाइन पिऊन तुकड्यांची अदलाबदल केली होती. स्लावेकच्या बापाला रस्त्याकडचा तुकडा हवा होता. हातात हात दिला, झालं! कागद करू म्हटलं तर शेजाऱ्यावर विश्वास नाही असं व्हायचं, आणि अख्ख्या झागोर्ये मुलखात असंच चालायचं. दोघे सुखानं मेले, निस्तरायला उरली ही.

स्लावेकला नोटीस दाखवावी, तर जन्मभर राबून राखलेली बाग त्याच्या घशात जायची. आपणच रान उपटावं, तर तो जाब विचारणार आणि कागद बाहेर येणार. गप्प बसावं, तर रोग तीच बाग खाणार. तिनं नोटीस एप्रनच्या खिशात कोंबली.

जानेवारीत संत विन्सेंटच्या सणाला स्लावेक जर्मनीहून आला, दरवर्षी येतो तसा. एक वेल छाटायची, तिला सॉसेजची माळ टांगायची, वाइन शिंपडायची, फोटो काढायचा, की झाला हा बागायतदार!

"ये गं तिल्का, घोटभर घे!"

"घोट राहू दे. हे रान उपटून टाक रे, हात जोडते."

"बापाची आठवण आहे ती. अशी कशी उपटू?"

"आठवण म्हणे! तुझ्या आठवणीनं माझ्या दोन ओळी खाल्ल्या!"

"तुझ्या वेली नाजूक, त्याला मी काय करू? जा, तक्रार कर."

"केली तक्रार! हे बघ काय पदरात पडलं!" तिल्कानं रागाच्या भरात नोटीस त्याच्या अंगावर फेकली, आणि फेकल्या क्षणी जीभ चावली.

स्लावेकनं वाचली: या रानाचा नंबर, आणि मालक म्हणून तिल्काच्या घराचं नाव. पुन्हा वाचली. मग मान वर करून तिच्या सरळ, छाटलेल्या ओळी बघत राहिला. त्यानं रानटी वेलीवरची माळ काढली, बांध ओलांडला आणि तिच्या पहिल्या वेलीला टांगली.

"तुझी तू उपट," तो म्हणाला. "माझी तर छान राखलीयस."

"आपल्या बापांनी हात मिळवले होते, स्लावेक! तुला पक्कं ठाऊक आहे."

"मी लहान होतो तेव्हा."

"आणि मोठा झाल्यावर? सणाची माळ माणूस स्वतःच्याच वेलीला टांगतो. इतकी वर्षं तू कुठं टांगलीस? फोटो आहेत ना तुझ्याकडं, दाखव गावाला!"

त्यानं खिशातला फोन चाचपला. माळ मात्र काढली नाही.

तिल्कानं तडक जाऊन ट्रॅक्टर आणला आणि पहिल्या रानटी वेलीच्या बुंध्याला साखळी बांधली. बाग कुणाचीही ठरो, रोगानं मेली तर भांडायचं तरी कशासाठी? बुंधा कडकडत निघाला, मातीसकट. तिनं मागं वळून पाहिलं.

स्लावेक तिच्या वेलीशेजारी उभा होता. एक हात माळेवर ठेवून, दुसऱ्या हातानं यंदाच्या सणाचा फोटो काढत होता.