मागच्या चाकाचे चार इंच

वहिनीने त्याला 'भिंगरी' म्हणायला सुरुवात केली त्याला पंचवीस वर्षं झाली. आता तो पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला वेल्डर आहे, तरी नाव काही चुकलेलं नाही. त्याला बसून चहा पिता येत नाही. आणि गेली दोन वर्षं तर विचारूच नका, कारण त्याने नसती उठाठेव अंगावर घेतली होती. त्याला तीन क्लब एक करायचे होते.

क्लब कसले, तर जुन्या मोटारसायकली चिखलातून आणि उंचवट्यांवरून उडवणाऱ्यांचे. गाडी पन्नास वर्षांची हवी, चालवणारा बहुधा तिच्याहून जुना. शहराच्या क्लबात असे अकरा जण उरले होते, डोंगराकडच्या क्लबात नऊ, नदीकाठच्या क्लबात सात. अकरा जणांसाठी कोणी आपला माळ उखडू देत नाही, रुग्णवाहिका दिवसभर थांबत नाही आणि बघायला आलेला माणूस दुसऱ्या फेरीलाच जांभया देतो. सत्तावीस गाड्या एकदम सुटल्या तर तो थांबेल, एखादा विचारेलही की हे मला जमेल का. एवढं साधं गणित. पण तीन तिघाडा काम बिघाडा.

घोडं पेंड खात होतं ते 'जुनी गाडी' कशाला म्हणायचं यावर. शहरवाले फक्त वर्ष बघायचे. डोंगराकडचे माप घ्यायचे, धक्क्याने मागचं चाक शॉकअपवर चार इंचांपेक्षा जास्त वर गेलं की गाडी बाद. त्यांचंही खरंच होतं. जुन्या गाड्यांचं चाक मुळात फार वर जातच नाही. कोणी मागाहून कापाकापी करून ते अंतर वाढवलं, की खाचखळग्यांतले धक्के बसत नाहीत आणि गाडी पुढे पळते. भिंगरीने शेवटी मध्यम मार्ग काढला, वर्षही बघायचं आणि मापही घ्यायचं. करार त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. तिन्ही क्लब हो म्हणाले आणि हा गडी आठवडाभर हवेत होता.

मग डोंगराकडच्या क्लबाच्या अध्यक्षाचा फोन आला. हा पेशाने गुरांचा डॉक्टर. रविवारी पहिली एकत्र शर्यत होती. त्याने सांगितलं की सकाळी सह्यांच्या आधी मापं घेऊ, आणि पहिलं माप तुमच्या दादाच्या गाडीचं. सगळ्यांत नावाजलेली गाडी आधी मोजली की बाकीचे कुरकुरणार नाहीत.

भिंगरीने फोन ठेवला. करार जमवण्याच्या धांदलीत दादाच्या गाडीलाही टेप लागेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी दादा शर्यतीत पडला आणि त्याच्या कमरेतला मणका सरकला. दादा तेव्हा बस चालवायचा. इस्पितळात सांगितलं की मोटारसायकल विसरा. दादा म्हणाला, विसरतो, आणि घरी आल्यावर कोणत्या तारखेची शर्यत आहे ते विचारलं. तो ऐकणार नाही हे भिंगरीला माहीत होतं. म्हणून दादा खाटेवर होता तेव्हाच त्याने गाडी आपल्या वर्कशॉपमध्ये आणली. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर शॉकअपची बैठक असते. ती कापून त्याने दोन इंच पुढे जोडली, ग्राइंडर मारला, रंग दिला आणि कोणालाच काही सांगितलं नाही. चाक आता जवळजवळ सहा इंच वर जायचं. दादा परत गाडीवर बसला, चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, कंबर बरी झाली. त्यानंतर तिन्ही क्लबांच्या वार्षिक शर्यतीत तो नऊ वेळा पहिला आला. शर्यत शहराच्या माळावर, शहराच्या नियमाने व्हायची, त्यामुळे टेप कोणी आणलीच नाही. नऊही वेळा दुसरा आला तो गुरांचा डॉक्टर.

आणि दादा येईल जाईल त्याला सांगायचा, "कारखान्यातून निघाल्यापासून माझ्या गाडीला कोणी हात लावलेला नाही. हा भाऊ सोडून, आणि तोही फक्त तेल घालायला."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय. भिंगरीने नदीकाठच्या क्लबाच्या बाईंना फोन केला. त्या निवृत्त गणित शिक्षिका, टेप त्यांच्याच हातात असणार होती. चारऐवजी सहा इंच केले तर, असं त्याने चाचरत विचारलं. दोन वर्षं तुम्हीच चार चार करत होतात, आता कोणाची गाडी सहा भरते, असं बाईंनी विचारल्यावर त्याने कोणाची नाही म्हणून फोन ठेवला. चोराच्या मनात चांदणं.

शनिवारी तो बैठक गुपचूप मागे घ्यायला दादाकडे गेला. दोन तासांचं काम. वहिनी अंगणात भेटली. "भावजी, यांची कंबर बघा, पोती उचलतात आता," ती म्हणाली. तो पाण्याचा पेलाही न घेता परत फिरला. बैठक मागे घेतली तर ती कंबर पहिल्याच उडीला जाणार होती, आणि नाही घेतली तर दोन वर्षांची धावपळ पाण्यात. त्याला स्वतःचा भयंकर राग आला होता.

रविवारी माळावर सत्तावीस गाड्या उभ्या राहिल्या. दादा आपली गाडी ढकलत टेबलाकडे निघाला. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण मोजा बाबांनो, असं तो हसत म्हणत होता. भिंगरीने त्याला टेम्पोच्या मागे ओढला आणि एका दमात सगळं सांगितलं.

दादाने खाली वाकून चिमट्यावरून अंगठा फिरवला. रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा लागला असावा, कारण अंगठा तिथेच अडला.

"म्हणजे नऊच्या नऊ," तो म्हणाला.

"हो."

दादा गाडी घेऊन टेबलापाशी गेला आणि डॉक्टरला म्हणाला की ही गाडी नियमात बसत नाही, हिच्यात फेरफार आहे, आणि नऊ कप उद्या तुमच्या घरी पोचतील. कोणी केला ते त्याने सांगितलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. दादा लबाड ठरतोय हे भिंगरीला सहन होईना. तो पुढे झाला आणि सांगितलं की हे मी केलंय, दादाला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

बाईंनी तरीही माप घेतलंच. पावणेसहा. डॉक्टरचा चेहरा लाल झाला होता. त्याने करार पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. भिंगरीला वाटलं, आता फाडतो. पण लिहिणाऱ्याच्या भावालाच जो कागद आधी बाद करतो त्याची मला भीती नाही, असं म्हणून त्याने सही केली. कप नकोत असं मात्र तो म्हणाला नाही.

सव्वीस गाड्या सुटल्या. आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि हलेनात. भिंगरी ज्यासाठी दोन वर्षं वणवण फिरला ते समोर चाललं होतं, आणि त्याला बघवत नव्हतं. तो टेम्पोकडे, दादापाशी गेला.

"उद्या सकाळी ये," दादा म्हणाला. "बैठक मुळात होती तिथे लाव. पुढच्या महिन्यातल्या शर्यतीत मी पळणार."

"दादा, तुझी कंबर..."

"माझी ना? तेव्हाही माझीच होती. विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाला असतास."

"मग?"

भिंगरी गाडीकडे वळला. त्याने गाडीचं मागचं टोक धरलं, दादाने पुढचं, आणि दोघांनी ती टेम्पोत चढवली. सरळ होताना दादाचा हात कमरेवर गेला. भिंगरीने ते पाहिलं आणि टेम्पोचा फाळका वर करून लावला.