हलादुन सरांचं गप्प बसणं

परीक्षेचा पेपर वाटून झाला की मायरन हलादुन सर टेबलाला टेकून उभे राहत आणि सगळा पेपर वर्गाला वाचून दाखवत. वाचून कसला, रंगवून सांगत. 'एका चंचुपात्रात शंभर मिलिलीटर आम्ल घेतले' एवढं कोरडं वाक्य असायचं, पण सर हातात नसलेलं पात्र उचलून धरायचे, वास आल्यासारखं नाक मुरडायचे आणि विचारायचे, "आता या बाईसाहेब त्यात पाणी ओततायत. ओतावं का पोरांनो?" पोरं हसायची आणि हसता हसता उत्तरं लिहायची. पॉप्लर बेंडच्या हायस्कुलात हे एकोणतीस वर्षं चाललं होतं. कॅनडातल्या अख्ख्या मॅनिटोबा प्रांतात रसायनशास्त्राचा असा निकाल कुणाचा लागत नाही, असं गावातले लोक छाती फुगवून सांगत. खोटं कशाला बोला, सरांना ते ऐकायला फार आवडायचं.

म्हणून जानेवारीत टेगन डेजार्ले नापास झाली तेव्हा सरांच्या काळजात धस्स झालं. टेगन बारावीतली. गावाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात दर वर्षी एकच उमेदवार शिकाऊ म्हणून घेतात, आणि ती जागा मिळवायचीच असं या पोरीनं सातवीपासून ठरवलेलं. पाण्याचा गढूळपणा, क्लोरीनचं प्रमाण, वाळूची गाळणी, काय वाटेल ते विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्या जागेसाठी ब्रँडन शहरात जाऊन लेखी परीक्षा द्यावी लागते. सत्तर गुण हवेत आणि संधी दोनच. टेगनला एकेचाळीस मिळाले.

सरांनी तिला मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. पेपर अवघड होता का, म्हणून विचारलं. ती बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाली,

"अवघड नव्हता, सर. पण मी एक ओळ वाचायचे आणि वर बघायचे. सवयच आहे ना. तिथल्या बाई म्हणाल्या, काय गं, काय हवंय? मी म्हटलं, काही नाही. वेळ संपली तेव्हा बावीस प्रश्न कोरे होते."

सरांनी पेपर काढणाऱ्यांचा मनसोक्त उद्धार केला. दोन ओळींचा प्रश्न दहा ओळींत घालणाऱ्या माणसांना पाणी पाजायला नको, असंही म्हणाले. चूक आपली असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. दुसरी संधी मार्चअखेरीस होती.

त्याच वर्षी जिनेट फोंटेन शाळेत रुजू झाली होती. तिचं काम असं, की प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं आपापल्या विषयाचं वाचन मुलांना शिकवावं हे बघायचं. जिनेट म्हणजे सरांचीच विद्यार्थिनी, एकेकाळी पहिल्या बाकावर बसणारी, त्यांची अगदी लाडकी. म्हणून तोंडावर ते काही बोलले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांची टकळी सुरूच होती. मी विज्ञान शिकवतो, वाचायला शिकवणं इंग्रजीवाल्यांचं काम, उद्या म्हणतील व्यायामाच्या तासाला निबंध लिहून घ्या.

फेब्रुवारीत शिक्षकांचा प्रशिक्षणाचा दिवस आला. बाहेर उणे तीस, इंजिन गोठू नये म्हणून गाड्या विजेच्या तारा लावून उभ्या, आणि आत सगळे वैतागलेले. जिनेटनं प्रत्येकाला आपल्या विषयाच्या पुस्तकातलं एक पान आणायला लावलं होतं. ती पानं तिनं पिसली आणि भलत्याच्या हातात भलतं पान दिलं. हलादुन सरांच्या वाट्याला गस थोर्वाल्डसनचं पान आलं. गस शाळेत सुतारकाम शिकवतो. पान होतं छपराचे वासे कापण्याचं.

शब्द सगळे ओळखीचे. उतार, वासा, खाच, लांबी. पण एकत्र आले की काही केल्या अर्थ लागेना. तिसऱ्यांदा वाचलं तरी तेच. शेजारी बसलेल्या गसला राहवेना. तो बोट दाखवून सांगायला लागला, तशी जिनेट म्हणाली, "गस सर, तोंड बंद." बिचाऱ्या गसनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. दहा मिनिटं झाली. एवढ्या थंडीत हलादुन सरांना घाम फुटला. शेवटी त्यांनी पान टेबलावर आपटलं.

"अगं, सांगू दे ना त्याला. दोन मिनिटांचं काम आहे. सांगितलं तर कुणाचं काय जातंय?"

सगळे हसले. जिनेट हसली नाही. बाकीचे कॉफी घ्यायला गेल्यावर ती सरांच्या शेजारी येऊन बसली.

"माझं गेलं, सर," ती म्हणाली. "विनिपेगला कॉलेजात पहिल्या वर्षी मी रसायनशास्त्रात दोनदा नापास झाले. पुस्तक उघडायचं आणि तुमच्या आवाजाची वाट बघायची. तो काही यायचा नाही. तुम्हाला मी सांगितलं, की विषय आवडेनासा झाला."

सरांना ते चांगलं आठवत होतं. त्यांना तेव्हा किती लागलं होतं, आणि चेष्टेचेष्टेत ते तिला दगाबाज म्हणाले होते, तेही आठवलं. आधी का नाही बोललीस, असं त्यांनी कसंबसं विचारलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून, असं ती म्हणाली. सरांनी वाशांचं ते पान उचलून खिशात ठेवलं. एवढी माया केली या पोरांवर, आणि त्या मायेनंच त्यांचे पाय लुळे केले, या विचारानं त्यांना अगदी भडभडून आलं.

"मग आता करू काय?" त्यांनी विचारलं. वाचून दाखवणं थांबवा, जिनेट म्हणाली. तुम्ही स्वतः कसे वाचता, कुठे अडता, अडल्यावर काय करता, ते मुलांना दाखवा. आणि मग गप्प बसा.

सोमवारी सरांनी वासे कापायचं ते पान वर्गात नेलं. पोरांसमोर मोठ्यानं वाचलं, अडले, मागे गेले, फळ्यावर आकृती काढली, ती चुकली, पुसली, पुन्हा वाचलं. वर्ग आ वासून बघत होता. सरांनाही वाचलेलं कळत नाही, हे पोरांना नवीनच होतं. या वेगानं छपराखालची माणसं गारठून मरतील, असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. अर्ध्या तासानं सरांना ती खाच कुठे पाडायची ते एकदाचं उमगलं. मग त्यांनी रसायनशास्त्राची पानं वाटली आणि म्हणाले, "आता तुम्ही. मी बोलणार नाही."

बोलणार नाही म्हणणं सोपं असतं. सर तोंडात पेपरमिंटच्या गोळ्या धरून बसायला लागले. पोरं चुळबुळ करायची, उसासे टाकायची, सर रागावलेत का म्हणून एकमेकांना विचारायची. सगळ्यात जास्त घुश्शात टेगन. तिसऱ्या आठवड्यात तिनं पेन्सिल खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

"परीक्षा माझी आहे, सर. तुमचे हे प्रयोग नंतर करा. एकदाच वाचून दाखवा ना."

सर विरघळले. हातात पेपर घेऊन त्यांनी पहिली ओळ वाचली आणि सहज तिच्याकडे पाहिलं. पोरीचा चेहरा निवांत झाला होता. पेन्सिल खाली, मान वर, नजर त्यांच्यावर. आता सगळं आयतं कळणार, म्हणून सुटल्यासारखी ती बसली होती. हाच चेहरा सर एकोणतीस वर्षं बघत आले होते आणि त्याला लक्ष देणं म्हणत आले होते. त्यांनी पेपर तिच्या बाकावर परत ठेवला.

"नाही वाचणार," ते म्हणाले.

टेगन दार आपटून निघून गेली. सरांना तर पोरीच्या थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. घरी बायकोनं बटाट्याचं सारण भरून पिरोगी केल्या होत्या, त्याही त्यांनी तशाच टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. काही न बोलता बसली आणि जुन्या परीक्षेचा एक पेपर काढला. एक प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, बाजूला टाकीचं चित्र काढलं, नको असलेली ओळ खोडली. मग ती रोजच यायला लागली. सर समोर बसून सँडविच खायचे. तुमच्या तोंडावर उत्तर दिसतं, असं तिनं त्यांना सुनावलं, तेव्हापासून ते खिडकीकडे तोंड करून खायला लागले. पाठीमागे पान उलटल्याचा आवाज आला की त्यांचा घास अडायचा. चुकली तर चुकली म्हणून सांगायचं, पण का चुकली ते तिनंच शोधायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

मार्चअखेरीस ती ब्रँडनला जाऊन आली. कसा गेला पेपर, म्हटल्यावर म्हणाली, सगळे प्रश्न वाचले, बरोबर किती आले ते देव जाणे. सरांनी पुढचे पंधरा दिवस जीव मुठीत धरून काढले.

एप्रिलमध्ये बर्फाचा चिखल झाला. एका दुपारी टेगन वर्गात आली ती हातात पाकीट घेऊन. फोडलं नव्हतं. सरांनी घाईघाईनं हात पुसले. हात आपोआप पुढे गेला.

"आण इकडे, मी बघतो."

तिनं पाकीट मागे घेतलं. "तुम्ही बसा, सर."

तिनं ते फोडलं आणि अगदी वरपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कार्यालयाचा पत्ता. तारीख. अर्जाचा क्रमांक. परीक्षेला बसल्याबद्दल आभार. निकाल मधेच कुठेतरी असणार, एका नजरेत सापडला असता. पण टेगन सावकाश एकेक ओळ वाचत होती. एक भलंमोठं वाक्य आलं तशी ती थांबली, मागे गेली, ओठांतल्या ओठांत पुन्हा वाचलं. सरांनी टेबलाची कड घट्ट धरली, पण तोंड उघडलं नाही.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर. जागा मला दिली आहे. जुलैच्या दुसऱ्या सोमवारी यायचं, पोलादी टोकाचे बूट घालून."

सरांना धावत जाऊन साऱ्या शाळेला ओरडून सांगावंसं वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी सँडविचच्या कागदानंच पुसलं. ते खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा.

"थांबा ना, सर. अजून आहे," टेगन म्हणाली.

खाली बारीक अक्षरात आठ-दहा ओळी नियम होते. सर पुन्हा खाली बसले, आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती तोवर ऐकत राहिले.