येळवशीची माती

भेग खाली केसाएवढी होती. वर जाताना रुंदावत खिडकीच्या चौकटीशी तीन मिलिमीटर भरली. श्रीशैलनं मोजपट्टी खिशात घातली, पण वहीत काही लिहिलं नाही.

अमेरिकेत सत्तावीस वर्षं स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणारा माणूस भिंत बघायला आलाय म्हणून जळकोटच्या शाळेच्या दारात चार-पाच जण उभे होते. हा वर्ग पाच वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या भावानं, विरुपाक्षअण्णांनी बांधला होता. पाया किती खोल घ्यायचा ते श्रीशैलनं तिकडून आपल्या सूत्रानं काढून कळवलं होतं.

"अण्णांचे उपास लई," दारातून कुणीतरी म्हणालं. "सिमेंट चालत असंल उपासाला."

अण्णा खाली बघत राहिले. ठरलेली दोन घरांची कामं लोकांनी त्या आठवड्यात त्यांच्याकडून काढून घेतली होती.

नोकरी पक्की व्हायच्या आदल्या वर्षी श्रीशैल इथल्या काळ्या मातीचे नमुने न्यायला आला होता. नेमकी येळवस होती, शेतात मातीची पूजा करायचा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी विमान. अण्णांनीच पोती भरून दिली. प्रयोगशाळेत ती माती पाण्यानं सगळ्यांच्या अंदाजाहून कमी फुगली, आणि त्यावरून काढलेल्या सूत्राचा त्याचा शोधनिबंध गाजला तो त्यामुळंच. त्यावर नोकरी पक्की झाली, पुढं विभागप्रमुखपदही आलं.

नऊ वर्षांपूर्वी जेवताना अण्णा सहज बोलून गेले होते, "येळवशीला काळ्या आईला कुदळ लावू दिली असती व्हय आपल्या आईनं? विहिरीच्या ढिगातली भरली म्या. मुरूम होता थोडा. माती ती मातीच की."

मुरूम काळ्या मातीसारखा फुगत नाही, हे श्रीशैलला कुणी सांगायला नको होतं. तो तेव्हा ताटातली भाकरी बारीक कुस्करत बसला होता. चार वर्षांनी अण्णांनी या वर्गासाठी विचारलं, तेव्हाही त्यानं तेच सूत्र लावलं.

मुख्याध्यापिका भैरवी मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"सर, अहवालात काय लिहू? बांधकाम निकृष्ट, असंच ना?"

"तसंच लिव्हा, मॅडम," अण्णा म्हणाले. "त्याचं नाव मोठं हाय तिकडं. त्याला नका मधी घिऊ."

श्रीशैलनं भावाकडं पाहिलं. अण्णांनी मान फिरवली.

"बांधकाम चोख आहे," श्रीशैल म्हणाला. आवाज दारापर्यंत पोचला नाही, म्हणून तो पुन्हा, मोठ्यानं म्हणाला. "बांधकाम चोख आहे. पाया उथळ पडला. सूत्र माझं चुकलंय, आणि ते मला नऊ वर्षांपासून माहीत आहे. तसं लिहा. निबंध मागे घेतोय म्हणून मी विद्यापीठाला आजच कळवतो."