आठवं गाणं

"कुणाच्या घरात लागलंय गं गाणं?" झुंबरनं विचारलं.

सोजराबाई मेथी निवडत बसली होती. तिनं हात थांबवून कानोसा घेतला. भर दुपार होती, वीज गेलेली होती. पालघरजवळच्या कुंभवलीच्या त्या चाळीत पंखेसुद्धा बंद होते.

"कुठं काय?" ती त्याच्याकडं तोंड करून म्हणाली. "समदं गप हाय."

झुंबरशी बोलायचं तर असं समोर तोंड करूनच बोलावं लागे. बीडकडून तरणाताठा असताना तो इकडं कारखान्यात आला आणि निवृत्त होईपर्यंत कॉम्प्रेसरच्या खोलीतच राहिला. त्या धडधडीत माणसांचे ओठ वाचायची सवय लागली आणि कान कधी गेले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. आता कानाशी कुणी ओरडलं तर दूरवर कुत्रं भुंकल्यासारखं काहीतरी येई, एवढंच.

पण हे गाणं स्वच्छ येत होतं. ढोलकीचा ठेका, मागं पेटी, गाणाऱ्या बाईचा मधेच घेतलेला श्वाससुद्धा. तो उठून बाहेर गेला, शेजारच्या दारांपुढं उभा राहिला. सगळीकडं आवाज तेवढाच होता. घरात येऊन त्यानं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. तरी तेवढाच.

"आपल्या लग्नात मांडवात भोंग्यावर लागलं हुतं बघ, ते," तो म्हणाला. "ते वाजतंय."

सोजराबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली.

झुंबरला गाण्याचं वेड होतं आणि त्या वेडाला शिस्त होती. जन्मभरात हजारो गाणी ऐकली, पण आपली म्हणून त्यानं सातच धरली होती. एक हे लग्नातलं. एक जत्रेत तंबूतल्या सिनेमात ऐकलेलं, ज्यासाठी तो तीन दिवस तोच सिनेमा बघत बसला. एक आई उसाच्या फडात म्हणायची ते. एक कव्वाली, कुण्या ट्रकवाल्यानं ढाब्यावर पुन्हापुन्हा लावलेली. अशी सात. चांगलं नवं गाणं ऐकलं की मान हलवायचा, पण आठवं कधी घेतलं नाही. "सातांना पुरत न्हाई मी," म्हणायचा.

त्या आठवड्यात सातही येऊन गेली. बोलावल्यासारखी नाहीत, त्यांच्या मनानं. झुंबर खुशीत होता. वर्षाराणी, त्याची मुलगी, घाबरली आणि त्याला पालघरला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी समजावलं की हे वेड नाही. बाहेरचं ऐकू येईनासं झालं की कधीकधी मेंदू आतलंच वाजवायला लागतो. ऐकायचं यंत्र कानाला लावलं की बहुतेकांचं थांबतं.

मुलीनं यंत्र घेऊन दिलं. झुंबरनं ते डबीतच ठेवलं.

"लावा की," सोजराबाई म्हणाली.

"लावतो. जरा ऐकू दे."

मग ते आठवं आलं.

सकाळी तो दाढी करत होता. आरशात स्वतःचे ओठ मिटलेले दिसत होते आणि पाठीमागं, अगदी दारापाशी उभं राहून म्हणावं तसा, एका पोरीचा आवाज आला. ढोलकी नाही, पेटी नाही. नुसता आवाज आणि त्याच्या तळाशी कॉम्प्रेसरची धडधड. बोली इकडची, किनाऱ्यावरची.

*वारा खाडीचा सुटला, दार लोटून घे,*
*भात निवला गो पोरी, ताट ओढून घे.*

त्यानं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. हे गाणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

ते रोज येऊ लागलं, आणि ते आलं की दुसरं कुठलं येत नसे. दोन-चार दिवसांनी झुंबर चहा पिता पिता थांबला.

"सोजरा, तंबूतल्या सिनेमाचं गाणं कसं हुतं गं?"

तिनं शब्द सांगितले, सावकाश, ओठ मोठे करून. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"हे न्हवं."

"अवं, हेच की. तुम्ही तर झोपंत बी म्हणायचात."

त्याला तंबू आठवत होता, भिजल्या गवताचा वास आठवत होता. गाण्याच्या जागी काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात कव्वाली गेली. मग लग्नातलं. सोजराबाई रडली ती हे गेलं तेव्हा. पाहुणा एकेका माणसाला उठवून त्याच्या जागेवर बसावा, तसं झुंबरला वाटत होतं. शेवटी आईचं फडातलं गाणं गेलं तेव्हा त्यानं यंत्राची डबी उघडली, यंत्र तळहातावर घेतलं आणि परत ठेवून दिलं. आत आता एकच गाणं उरलं होतं. तेही गेलं तर काय, याची त्याला भीती वाटली.

काशीबाई चिंचणीहून सुकी मासळी घेऊन त्यांच्या चाळीत यायची. सोजराबाई इकडं येऊन सुकट खायला शिकली, ती तिच्याकडूनच. त्या दिवशी काशीबाई ओट्यावर टोपली उतरवून बोंबील मोजत होती आणि झुंबर भिंतीला टेकून बसला होता. आपण गुणगुणतोय हे त्याला कळलं नाही. आपला आवाज त्याला ऐकूच येत नसे.

काशीबाईचे हात थांबले. मग ती बसल्या जागेवरून त्याच्याजवळ सरकली.

"ह्यो गाना तुमी कुटं आयकला?"

त्यानं ओठ वाचले आणि मान हलवली. "ऐकलं न्हाई. येतं आपलं."

"मी केलेला हाय तो," काशीबाई म्हणाली. "माज्या पोरीसाटी. ती कामावरना उशिरा यायची, जेवाला चिडचिड करायची, म्हनून मी असाच लावलेला. आमच्या घराबाहेर कुनाला ठावा नाय."

"काय नाव पोरीचं?" सोजराबाईनं विचारलं.

"रुचिता. काविळीनं गेली, दोन वर्सं झाली. तुमच्याच कारखान्यात पॅकिंगला होती."

झुंबर सावकाश ताठ बसला. कॉम्प्रेसरच्या खोलीला एक काचेची खिडकी होती. पलीकडं पॅकिंगची टेबलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक सडपातळ पोरगी टोकाच्या टेबलावर असायची. पिशव्यांची तोंडं शिवताना तिचे ओठ हलत असायचे. तो बघायचा. कधी बोलला नव्हता.

काशीबाई गेल्यावर सोजराबाई म्हणाली, "म्हंजी तुम्ही काचंतून तिचे ओठ वाचले. मनात ऱ्हायलं, आन् आता वर आलं. भ्यायचं काय त्यात?"

"शब्द वाचलं असतील," झुंबर म्हणाला. "चाल कुठनं वाचली?"

काशीबाईनं चालसुद्धा ओळखली होती.

त्यानंतर काशीबाई रोज येऊ लागली, टोपली असो वा नसो. ओट्यावर बसायची, तो म्हणायचा, ती ऐकायची. पोरीचा आवाज कुठं उरला नव्हता. तिचा मोबाईल आजारपणातच बिघडला होता. "तुमी थांबता तितं तीबी थांबायची," एकदा ती म्हणाली.

आणि मग एका सकाळी गाणं पुढं गेलं. कॉम्प्रेसरची धडधड थांबली. खोलीतली शांतता ऐकू यावी अशा शांततेत त्या पोरीनं आणखी दोन ओळी म्हटल्या. झुंबरनं त्या सोजराबाईला सांगितल्या.

"हे तिला सांगू नगा," ती म्हणाली. "आईच्या काळजाचं पाणी हुईल."

"आन् तिच्यासाठीच आलं आसल तर?"

दोन दिवस त्यानं गाणं म्हटलंच नाही. काशीबाई ओट्यावर बसून परत गेली. तिसऱ्या दिवशी तिनं दोघांना जेवायला बोलावलं.

चिंचणीला तिचं घर समुद्राजवळच होतं. बाहेर बांबूंवर बोंबील टांगलेले, खारा वारा थेट घरात. नवरा बोटीवर गेला होता. काशीबाईनं पाट मांडले, भात वाढला. सोजराबाईनं पाहिलं, माणसं तीन होती आणि ताटं चार. चौथ्या ताटातही भात होता, कालवण होतं. ते दाराच्या बाजूला ठेवलं होतं आणि भर वाऱ्यात ते दार सताड उघडं होतं.

"कुणी यायचंय का?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिला कळलं.

"ठेवते मी रोज," काशीबाई म्हणाली. "दोनी टायमाला. दार पन लावत नाय. मालक वरडतो, पन तो बोटीवरच असतो."

झुंबरनं बायकोकडं पाहिलं. सोजराबाईनं मान खाली घातली, मग हलकेच होकार दिला.

त्यानं पहिल्या दोन ओळी म्हटल्या. काशीबाईनं नेहमीसारखे डोळे मिटले. तो थांबला नाही.

*ताट उचल गो आई, वाट बगू नको,*
*कडी लावून घे, जागी ऱ्हाऊ नको.*

काशीबाईनं डोळे उघडले. बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, जणू ओठ वाचायची पाळी आता तिची होती.

"परत म्हना," ती म्हणाली.

झुंबरनं तोंड उघडलं. आत काही नव्हतं. चाल नाही, शब्द नाहीत, ती धडधडसुद्धा नाही. अशी शांतता त्यानं आयुष्यात कधी ऐकली नव्हती. सोजराबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काशीबाई उठली. दारापाशी जाऊन तिनं दार लोटलं आणि कडी घातली. घरात एकदम अंधारून आलं, वारा थांबला. मग तिनं ते चौथं ताट उचलून आपल्या पाटापुढं घेतलं, त्यातला भात आपल्या ताटात ओढला, वर कालवण घेतलं आणि जेवायला बसली.

मान खाली घालून ती सावकाश जेवत होती. मधेच ती काहीतरी म्हणाली. तोंडात घास होता आणि उजेडही पुरेसा नव्हता, त्यामुळं झुंबरला ओठ वाचता आले नाहीत. त्यानं परत विचारलं नाही. आपल्या ताटातला भात कालवला आणि तोही जेवू लागला.