राहिलेला बकरा

अर्शीच्या बाळाला आज सहावा दिवस, पण मुलगा की मुलगी, हे कुणी सांगेना. उद्या अकिका, म्हणजे बाळाच्या नावानं बकरा कापायचा दिवस. मुलगा असला तर दोन, मुलगी असली तर एक. वडगावच्या बकरेवाल्याचा सकाळपासून तीनदा फोन आला होता, आणि अर्शीचा नवरा दिलदार दर वेळी "सांगतो की" म्हणून फोन ठेवत होता.

डॉक्टरांनी मात्र ठरवून टाकलं होतं. "मुलगी करून टाकू. परवा ऑपरेशन. एवढ्या लहानपणी केलं की बाळाला कळतही नाही." त्यांनी सहीचा कागद दिलदारपुढं सरकवला.

खिडकीशी उभी मलिका चटकन वळली. ती दिलदारची थोरली बहीण, त्याची आपा. गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायची. कळत नाही म्हणे! पाचव्या वर्षी तिलाही असंच टेबलावर घेतलं होतं. हर्निया होता, असं अम्मी मरेपर्यंत सांगत राहिली. अम्मीच्या माघारी ट्रंकेत फाईल सापडली, तेव्हा खरं काय ते उमगलं. इंटरसेक्स, म्हणजे धड मुलाचं ना धड मुलीचं असं शरीर घेऊन जन्मलेलं माणूस, हा शब्द तिला पुढं मोबाइलवर भेटला. तशा माणसांच्या सभा ती दार लावून ऐकायची. ती माणसं नावानिशी बोलायची, हक्क मागायची. हिचा कॅमेरा कायम बंद.

आता बोललं तर? मापं द्यायला बायका जवळ येतात, त्या उद्या दारात पाऊलही टाकणार नाहीत. दिलदार तरी बहीण म्हणेल का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तिच्यामागं अख्खी गल्ली लागली होती.

दिलदारनं पेनाचं टोपण काढलं.

"डॉक्टर," मलिकाचा आवाज फाटकाच निघाला, "बाळाला लघवी नीट हुतीय न्हवं?"

"होते."

"रक्ताचे रिपोर्ट?"

"ठीक आहेत."

"मग घाई कुणाला हाय? बाळाला तर न्हाय."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, उद्या लोक नावं ठेवतील त्याला. तुम्हाला यातलं काय कळतंय?"

मलिका टेबलापाशी आली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. अर्शी बाळाला छातीशी घेऊन तिच्याकडेच बघत होती.

"मलाच कळतंय. दिलदार, मीबी अशीच जन्मलेली. हर्निया न्हवता त्यो. माझ्या अकिक्याला एक बकरा कापला, आन पाच वर्सांनी मला कापलं. कुणी इचारलं न्हाय. अजून दुखतंय."

दिलदारची मान खाली. गेलं सगळं, मलिकाला वाटलं; भाऊही गेला.

"मी सही करू देणार न्हाय," अर्शी म्हणाली. "मोठं झाल्यावर बाळ सांगंल काय ते."

तेवढ्यात फोन वाजला. बकरेवालाच. दिलदारनं पेन ठेवलं, फोन उचलला.

"दोन आण."

"पोरगा झाला म्हणा की!" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"न्हाय," दिलदार म्हणाला. "एक बाळाचा. दुसरा आपाचा, तिचा एक राहिलाय."