पाचच्या आत एक फोटो

सेमिसीच्या गळ्यातला तो कॅमेरा सकाळपासून माझ्या डोक्यात जात होता. सेमिसी माझा आत्येभाऊ. वय बत्तीस, कामधंदा बेताचा, आणि आव असा की टोंगाच्या राजाच्या राज्याभिषेकाला यालाच बोलावलं होतं. माझ्या पदवीदानासाठी त्यानं हा कॅमेरा घेतला होता आणि तो नीट चालवता येत नसल्याचं खापर दर दोन मिनिटांनी ऑकलंडच्या उन्हावर फोडत होता.

मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. पदवीचा काळा झगा अंगावर असताना माझा आणि आईचा, दोघींचाच, एक फोटो. झगा भाड्याचा होता आणि पाचच्या आत परत द्यायचा होता. आई दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानानं टोंगाला आणि तिथून बोटीनं हाआपाई बेटांमधल्या आमच्या बेटावर परत जाणार होती. बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्याच वर्षी आत्यानं मला इथे ऑकलंडच्या मांगेरे उपनगरात तिच्या घरी आणलं. त्यानंतर दहा वर्षांत आई इकडे आली ती आत्ता, पहिल्यांदा.

आता एक फोटो काढायला किती वेळ लागतो? पण आत्या सोबत असली की साधं काही होत नाही. आमच्या लोकांत बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत वरचा. ती बोलायला लागली की बापसुद्धा गप्प बसतो. लग्न असो, मयत असो, तिची जागा पुढे आणि आईची दाराजवळ. आत्याला नाही म्हणायचं नसतं. मी दहा वर्षं म्हटलं नव्हतं आणि ते न म्हटलेलं सगळं मोजून ठेवलं होतं.

सकाळी आई खोलीतून तयार होऊन आली तेव्हा तिच्या कमरेला ती चटई होती. आम्ही समारंभाला कमरेभोवती विणलेली चटई गुंडाळतो, तिच्याशिवाय मोठ्यांपुढे जाणं म्हणजे अर्ध्या कपड्यांत गेल्यासारखं. आईनं नेसली होती ती बाबांकडच्या माझ्या पणजीची. तंबाखूच्या पानासारखी तपकिरी पडलेली, कडांना नुसत्या दशा लोंबणारी, दोन ठिकाणी आरपार दिसणारी. चटई जितकी जुनी तितका मान मोठा, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नवी चटई दुकानात मिळते, झिजलेली मिळवावी लागते. मलाही ते ठाऊक होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, मला ठाऊक होतं.

आत्यानं त्या चटईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती बोललीच नाही. पिसिला आत्या आणि गप्प, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तिनं सेमिसीला गाडीतली पुढची सीट रिकामी करायला सांगितली आणि आईला तिथे बसवलं. आईच्या त्या लक्तरांना आपलं अंग लागू नये म्हणून ही मागे बसली, असा मी अर्थ लावला आणि दात ओठ खात गाडीत चढले.

समारंभ झाला. माझं नाव पुकारलं तेव्हा आत्या खुर्चीवरून उठून नाचली आणि दोनशे माणसं वळून पाहायला लागली. बाहेर आल्यावर माझ्या गळ्यात माळा पडल्या, चॉकलेटच्या, गोळ्यांच्या, चिप्सच्या पुड्यांच्या. शेवटी नाकापेक्षा मोती जड अशी गत झाली, मान वळवता येईना. तेवढ्यात माझ्या वर्गातली हॅरिएट तिच्या आईला घेऊन आली. बाई मोठी सुशील, गळ्यात मोत्यांचा सर, बोलणं लोण्यासारखं. तिनं आईच्या कमरेकडे पाहिलं, पर्समधून एक सेफ्टी पिन काढली आणि हळूच म्हणाली, "तुमचं काहीतरी फाटलंय वाटतं. ही घ्या."

आईला इंग्रजी जेमतेम येतं. ती भेट आहे असं समजून आईनं दोन्ही हातांनी पिन घेतली, कपाळाला लावली आणि ब्लाउजवर छातीशी अडकवली. हॅरिएट हसली नाही, तिची आईही हसली नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती.

मग आत्यानं जाहीर केलं की आता शहर पाहायचं. आईला दाखवायला हो, पण खरं म्हणजे फोटो काढायला. वर्षानुवर्षं ही बाई या शहरात राहते, विमानतळाजवळच्या कारखान्यात रात्रपाळीला जाते, आणि क्वीन स्ट्रीटच्या ज्या दुकानांत तिनं कधी पाऊल टाकलं नाही त्यांच्या काचांपुढे ती मला उभी करत होती. घड्याळांच्या दुकानापुढे एक फोटो. पर्सच्या दुकानापुढे एक. मोठ्या मनोऱ्याखाली सेमिसी फुटपाथवर आडवा झाला, कारण मनोरा आणि आत्या दोन्ही एका चौकटीत मावत नव्हती. बंदरावर एक आगबोट लागली होती, तिच्यापुढे असे काही फोटो काढले की पाहणाऱ्याला वाटावं आम्ही आत्ताच उतरलो. मला या खोटेपणाची किळस येत होती. गावात हे फोटो फिरणार आणि लोक म्हणणार, बघा, पोरगी कशी राहते.

प्रत्येक फोटोत मधोमध आत्या. आई आपणहून बाजूला व्हायची. "तुम्ही उभं राहा, मी पिशव्या धरते," म्हणायची आणि खांबाच्या आड जायची. मी दोनदा म्हटलं, आता आईबरोबर एक काढू. दोनदा आत्या म्हणाली, काढू की, दिवस काय पळून चाललाय का.

धक्क्यावरच्या बाकावर बसून आत्यानं शिदोरी सोडली. चांदीच्या कागदात बांधलेलं मेंढीचं चरबीचं मांस, थंड झाल्यामुळे वर पांढरा थर आलेला. ती ते बोटांनी ओढून खात होती, हनुवटीवरून तेल ओघळत होतं, समुद्रपक्षी पायाशी भांडत होते. बाक ओला होता म्हणून तिनं आईसाठी स्वतःचा कोट अंथरला, तेही मला दिखाऊ वाटलं. मग तिनं माझा झगा मागितला. तोच, भाड्याचा. तो अंगावर चढवून, टोपी तिरकी घालून तिनं सात फोटो काढून घेतले आणि झगा परत देताना बाहीला बोटं पुसली. मला शिसारी आली. मी तोंड फिरवून बंदराच्या पाण्याकडे बघत राहिले, तर तिथेही तेलाचाच तवंग.

आम्ही विद्यापीठाजवळच्या बागेत परत आलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. कारंज्याजवळ गर्दी होती. आत्याचे गुडघे दुखतात, तिला बागेच्या दुसऱ्या टोकाच्या स्वच्छतागृहाकडे जाऊन यायला वीस मिनिटं तरी लागणार होती. ती निघाली आणि मी सेमिसीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता कॅमेरा काढ.

आईनं केस नीट केले. माझ्या माळा सारख्या केल्या. आणि नेमकी हॅरिएट तिथे आली. आईवडील, भाऊ आणि भाड्यानं आणलेला फोटोवाला, सगळे आमच्यापासून चार पावलांवर. तिच्या आईनं मला ओळखून हात हलवला आणि तिची नजर पुन्हा चटईच्या दशांवर गेली.

मी आईला म्हटलं, "आई, ती चटई काढ ना. एका फोटोपुरती."

आईला वाटलं चटई वाकडी झाली असेल. तिनं ती सरळ केली.

"काढ म्हणतेय. खाली तुझा काळा स्कर्ट आहेच. तोच छान दिसेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हॅरिएटच्या घोळक्याकडे पाहिलं. आई काही दुधखुळी नाही. तिनं कमरेची दोरी सोडली, एक एक वेढा काढला आणि चटई माझ्या हातात दिली. मी ती गुंडाळली आणि पटकन दिसेनाशी व्हावी म्हणून हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली. त्याच पिशवीत आत्याचं उरलेलं मांस होतं, चांदीच्या कागदात. मी पाहिलं नाही, असं आता म्हणू शकते. पण धक्क्यापासून ती पिशवी मीच धरली होती.

"चल, ये," मी म्हटलं.

आई दोन पावलं मागे सरली. "तू उभी राहा," ती म्हणाली. "मी बघते इथून. अशी नागडी मी नाही येत फोटोत."

ती रागावली नव्हती. आवाजसुद्धा चढला नव्हता. हात पोटावर धरून उभी होती, चटई जिथे असते तिथे. मी तिला ओढलं, समजावलं, वेळ बघ म्हटलं. साडेचार झाले. हॅरिएटचा फोटोवाला म्हणत होता, हसा, आणि ते सगळे हसत होते. सेमिसी कॅमेऱ्याच्या बटणांशी उगाच खेळत राहिला.

आत्या लंगडत परत आली ती थेट आईपुढेच थांबली.

"सेईनी, तुझी चटई कुठाय?"

"उकडायला लागलं, वन्सं," आई म्हणाली. "मीच काढली."

मे महिना होता, म्हणजे इकडे थंडीची सुरुवात. बंदरावरून वारं सुटलं होतं आणि झग्याच्या आतसुद्धा माझे दात वाजत होते. आत्यानं आईच्या दंडावरचे शहारे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, माझ्यापलीकडे हॅरिएटच्या लोकांकडे पाहिलं. मग माझ्या हातातून पिशवी घेतली.

चटई बाहेर आली तेव्हा तिच्या मधोमध तळहाताएवढा चरबीचा डाग पडला होता. आत्या तो डाग अंगठ्यानं पुसत राहिली. तो पसरतच गेला.

"माझ्या आजीला, तुझ्या पणजीला पुरलं ना," ती मला म्हणाली, "तेव्हा मी तिची पेटी उलथीपालथी केली होती. ही शोधत होते. मी सख्खी नात, हक्क माझा. मिळाली नाही. आज सकाळी कळलं कुणाला दिली ते." तिनं डागावर पुन्हा अंगठा फिरवला. "चार वर्षं हिनं आजीचं गूमूत काढलं. मी इथून नुसती बिस्किटांचे डबे पाठवत होते. बरोबर माणसाला दिली म्हातारीनं."

मला वाटलं आता ती मला मारेल. मारलं असतं तर मी गाल पुढे केला असता. पण ती खाली बसली. आमच्या घरात आत्या कुणापुढे खाली बसत नाही, सगळे तिच्यापुढे बसतात. ती मात्र सेमिसीचा हात धरून, कण्हत, ओल्या गवतावर दोन्ही गुडघे टेकून बसली आणि आईच्या कमरेभोवती चटई गुंडाळायला लागली. आई रडवेली झाली. "वन्सं, उठा हो, लोक बघतायत," म्हणत होती. लोक बघतच होते. हॅरिएटची आईसुद्धा. आत्यानं दोरीची गाठ मारली, दशा एकेक करून सरळ केल्या आणि मगच हात वर केला, मला उठवा म्हणून.

उभी राहिल्यावर ती चौकटीतून स्वतः बाहेर गेली. पार कारंज्याच्या पलीकडे.

"दोघींचाच काढ," ती सेमिसीला म्हणाली. आणि मला म्हणाली, "तोंड नीट कर. गावात भिंतीवर लागायचाय तो."

झगा मी पाचला तीन मिनिटं कमी असताना परत केला. खिडकीवरच्या मुलीनं बाहीचा वास घेऊन नाक मुरडलं.

फोटो उत्तम आला. सेमिसीनं आयुष्यात काढलेला तो एकच बरा फोटो. आई ताठ उभी आहे, छातीवर सेफ्टी पिन चकाकतेय. चटईवरचा डाग इतका स्पष्ट आहे की आल्यागेल्याचं लक्ष आधी तिकडेच जातं. तो काही गेला नाही. मी मागच्या नाताळात घरी गेले तेव्हा फोटो भिंतीवर होता आणि शेजारच्या बायका आईला तेच विचारत होत्या, की एवढ्या जपलेल्या वस्तूला हे काय झालं.

मी तिथेच बसले होते. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तिकडे फार उकडतं बाई," ती म्हणाली. "मीच काढून ठेवली होती."